एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला आलात? मदत कुठल्या टेबलावर मिळते ते आधी बघून ठेवा

फेब्रुवारीतली गोष्ट. तास संपवून स्टाफरूमकडे आले तर दाराशी माझ्या वर्गातली एक मुलगी घुटमळत उभी. हातात निकालाची प्रिंट, चार घड्या घातलेली. "मॅडम, एक विचारू का?" म्हणाली आणि पुढे काही बोलेचना. दोन विषयांत एटीकेटी होती, म्हणजे विषय राहिले, पण पुढे शिकता येतं. त्यातल्या एका विषयाचे रेमेडियलचे, म्हणजे जादा शिकवणीचे तास ऑगस्टपासून दर शनिवारी होत होते, जेमतेम सहा-सात मुलं यायची. हिला त्याचा पत्ताच नव्हता. नोटीस लागली होती हे खरं. पण आमचा नोटीस बोर्ड ऑफिसच्या जिन्याखाली आहे आणि मुलं येतात पार्किंगच्या बाजूने.

मी पुण्यात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेऊन, अर्थशास्त्र शिकवते. मूळची अकोल्याची. विदर्भातलं अकोला नव्हे, प्रवरेकाठचं अकोले. बारावीपर्यंत मराठी माध्यम, आणि पुण्यात आले तेव्हा सहा महिने ग्रंथालयाच्या काउंटरवर पुस्तक कसं मागायचं हे कोणाला विचारायला लाजत होते. म्हणून दरवर्षी नव्या बॅचला जे तोंडी सांगते ते इथे लिहून काढलंय. नजरेसमोर आहेत ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कॉलेजं, म्हणजे पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतली. मुंबई, कोल्हापूर, नागपूर, नांदेडकडे असाल तर खिडक्यांची नावं थोडी वेगळी असतील, काम तेच.

पहिला आठवडा: कागद

यात मजा काही नाही, पण पुढचं सगळं यावर चालतं. प्रवेश झाल्यावर तुम्हाला पीआरएन मिळतो, म्हणजे विद्यापीठातला तुमचा कायमचा नोंदणी क्रमांक. परीक्षा फॉर्म, निकाल, उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सचा अर्ज, पुढे पदवी प्रमाणपत्र, सगळीकडे तोच लागतो. फोनमध्ये ठेवा आणि वहीच्या पहिल्या पानावरही लिहा. फोन नेमका परीक्षेच्या दिवशीच बंद पडतो.

दुसरं, एबीसी आयडी. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स नावाचं एक राष्ट्रीय खातं आहे, त्यात तुम्ही विषय पास होऊन मिळवलेली क्रेडिट्स, म्हणजे श्रेयांक, जमा होतात. डिजिलॉकरमधून हा १२ अंकी क्रमांक पाच मिनिटांत निघतो, पैसे पडत नाहीत. सायबर कॅफेवाल्याला यासाठी पैसे देऊ नका.

पाच मिनिटांत निघतो, पण नाव जुळलं तर. दरवर्षी निदान चार-पाच मुलं इथे अडकतात. आधारवर सुनीताच्या स्पेलिंगमध्ये आय, बारावीच्या मार्कलिस्टवर डबल ई. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. माणसाला हे एकच वाटतं, संगणकाला वाटत नाही. हीच चूक पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जालाही नडते. आज दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर ताडून बघा. फरक असेल तर दुरुस्ती आत्ताच सुरू करा. परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या दिवशी आधार केंद्रासमोर रांगेत उभं राहण्यापेक्षा ते बरं.

ओळखपत्र आणि ग्रंथालयाचं कार्ड त्याच आठवड्यात करून घ्या. बोनाफाईडच्या, म्हणजे कॉलेजचे विद्यार्थी असल्याच्या दाखल्याच्या, दोन-तीन प्रती एकदम मागून ठेवल्या की एसटीच्या पासापासून वसतिगृहापर्यंत कामाला येतात.

सिलॅबस आधी, गाईड नंतर

अप्पा बळवंत चौकात जाऊन गाईड घेणं हा पुण्यातला जुना संस्कार आहे, मी मोडा म्हणत नाही. पण त्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या विषयाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. चार-पाच पानं असतात. त्यात घटक, प्रत्येक घटकाचे तास, गुणांची विभागणी आणि शेवटी संदर्भग्रंथांची यादी असते. ही यादी फारसं कोणी वाचत नाही. परीक्षा मात्र त्याच पुस्तकांच्या आधारावर निघते.

एक हिशेब समजून घ्या. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरातले १५ तास. चार क्रेडिटचा विषय म्हणजे ६० तास. गणपती, दिवाळी, युवा महोत्सव आणि तुमची गावाकडची लग्नं धरून त्यातले किती पदरात पडतात ते तुम्हीच मोजा. बऱ्याच विषयांत १०० पैकी ३० गुण अंतर्गत आणि ७० सत्र परीक्षेचे असतात, आणि दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं. नव्या मुलांना हे कळतच नाही. अंतर्गतला दांडी मारून ७० पैकी ५० पाडले तरी विषय राहतो. तुमच्या विषयाची नेमकी विभागणी सिलॅबसमध्येच छापलेली असते, ती पेनाने अधोरेखित करा.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, शिवाय तीन अक्षरी संक्षेपांची एक लांबलचक रांग आहे. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी आम्हा शिक्षकांचाही त्यात गोंधळ उडाला होता. विषय निवडताना सीनियर काय म्हणतो याच्या जोडीला विभागप्रमुखांना एकच प्रश्न विचारा: "हा विषय पुढच्या वर्षी चालू ठेवता येईल का, आणि त्यावर एमएला प्रवेश मिळेल का?" विषय बदलायची मुदत प्रवेशानंतर थोडेच दिवस असते. ती उलटली की क्लार्कही काही करू शकत नाही.

मेंटॉर म्हणजे नक्की कोण

बहुतेक कॉलेजांत प्रत्येक शिक्षकाकडे वीस-तीस मुलं मेंटी म्हणून दिलेली असतात. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात हे दाखवावं लागतं, त्यामुळे काही ठिकाणी सगळं रजिस्टरच्या सह्यांपुरतंच उरतं, हे कबूल. तरी तुमच्या नावासमोर कुठल्या तरी शिक्षकाचं नाव लिहिलेलं असतं, आणि त्या नावावर तुमचा हक्क आहे. यादी ऑफिसात किंवा विभागात मिळेल.

भेटायला जाताना कसं जावं, हे सांगते, कारण इथेच गाडी अडते. "मॅडम, मला काहीच समजत नाही," असं कोणी म्हणालं की मलाही काही समजत नाही. परवा एक मुलगा वही उघडून आला. मागणीच्या लवचिकतेचा आलेख काढला होता आणि एका बिंदूवर पेन्सिलने गोल केला होता. म्हणाला, "इथपर्यंत कळलं. किंमत कमी झाली, मागणी वाढली. पण मिठाच्या बाबतीत रेषा एवढी उभी का?" दहा मिनिटांत त्याचं काम झालं, आणि पुढच्या तासाला मी तोच प्रश्न सगळ्या वर्गाला घातला. कुठपर्यंत कळलं ते सांगा, कुठे अडलं ते दाखवा. एवढी तयारी पुरे.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना गाठायचं तर तासाच्या लगेच आधी किंवा नंतर गाठा. आम्ही दुसऱ्या कॉलेजला पळत असतो. व्हॉट्सॲपवर रात्री अकराला "मॅम नोट्स" एवढाच मेसेज पाठवू नका. नाव, वर्ग, रोल नंबर आणि प्रश्न. चार गोष्टी लिहिल्या की उत्तर येतं.

ग्रंथालय

इथे जरा थांबते, कारण कॉलेजात सगळ्यात जास्त पैसा इथे पडून आहे आणि सगळ्यात कमी वापर इथलाच होतो.

पुष्कळ कॉलेजांत पुस्तकांच्या कपाटांपर्यंत मुलांना सोडत नाहीत. काउंटरवर मागणी चिठ्ठी भरून द्यावी लागते. त्यात लेखक, पुस्तकाचं नाव, वर्गांक (विषयाचा आकडा) आणि दाखल क्रमांक (त्या प्रतीचा नंबर) असे रकाने असतात. माझ्या पहिल्या चिठ्ठीवर मी फक्त "अर्थशास्त्राचं पुस्तक" लिहिलं होतं. काउंटरवरच्या काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "बाई, इथे अर्थशास्त्राची चार कपाटं आहेत. सगळी देऊ?"

वर्गांक शोधायचा तो ओपॅकवर. ग्रंथालयाच्या दाराशी एक संगणक असतो, त्यावर लेखकाचं किंवा पुस्तकाचं नाव टाकलं की वर्गांक, दाखल क्रमांक आणि पुस्तक कपाटात आहे की कोणाकडे गेलंय ते कळतं. पुस्तकं विषयवार लावायच्या ड्यूई पद्धतीत अर्थशास्त्र ३३० पासून सुरू होतं, मराठी साहित्य ८९१.४६ ला सापडतं, भारताचा इतिहास ९५४ ला. आपल्या विषयाचा आकडा एकदा पाठ झाला की कुठल्याही गावच्या ग्रंथालयात तुम्ही परके राहत नाही.

पुस्तक बाहेर गेलं असेल तर आरक्षण करता येतं का ते विचारा. संदर्भ विभागातली प्रत घरी मिळत नाही, पण तिथे बसून वाचता येते. गरजू विद्यार्थ्यांसाठी बुक बँक असते. सेमिस्टरभरासाठी पूर्ण संच मिळतो, अर्ज मात्र प्रवेशानंतर लगेच द्यावा लागतो. जुन्या प्रश्नपत्रिकांची फाईल बहुधा काउंटरच्या मागेच असते, मागितल्याशिवाय कोणी काढत नाही. वाचनकक्षही आहेच. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत महिन्याला पैसे भरून खुर्ची घेण्याआधी आपल्या कॉलेजचा वाचनकक्ष किती वाजेपर्यंत उघडा असतो ते एकदा बघून या. परीक्षेच्या काळात वेळ वाढवतातही.

मग घरबसल्या मिळणारं. ग्रंथालयं जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या एन-लिस्ट योजनेत तुमचं कॉलेज असेल तर ग्रंथपाल तुम्हाला युजर आयडी आणि पासवर्ड देतात. इंग्रजी ई-पुस्तकं आणि नियतकालिकं त्यातून उघडतात. तुम्ही शासकीय संस्थेत किंवा विद्यापीठाच्या विभागात असाल तर १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू आहे, त्यात ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं आहेत. नॅशनल डिजिटल लायब्ररी आयआयटी खरगपूर चालवते, ती सगळ्यांना खुली आहे. शोधगंगेवर देशभरातले पीएचडीचे प्रबंध वाचता येतात, मराठीतलेही. प्रोजेक्टचा विषय सुचत नसेल तर शोधगंगेवर आपल्या जिल्ह्याचं नाव टाकून बघा. आपल्या तालुक्याच्या कांदा बाजारावर कोणीतरी तीनशे पानं लिहून ठेवलीत हे कळल्यावर मुलांचे डोळे विस्फारतात.

प्रोजेक्टसाठी जास्त खोलात जायचं असेल तर विद्यापीठाच्या आवारातलं जयकर ग्रंथालय आहे, पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांच्या नावाचं. बाहेरच्या कॉलेजच्या विद्यार्थ्याने आपल्या ग्रंथपालांचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन जावं, आणि जाण्याआधी फोन करून नियम विचारावेत. इतिहासवाल्यांनी सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ बघावं, १९१० पासूनचं आहे. अर्थशास्त्रवाल्यांनी गोखले संस्थेचं ग्रंथालय. आणि नुसतं वाचायला म्हणाल तर लक्ष्मी रस्त्यावरचं पुणे नगर वाचन मंदिर, ते तर १८४८ चं.

मराठीतून लिहायचं असेल तर

कला आणि वाणिज्य शाखेत बऱ्याच विषयांची उत्तरं मराठीतून लिहिता येतात. फॉर्मवर माध्यमाचा रकाना असतो, तो नीट भरा. मराठीतून लिहिलं की गुण कमी पडतात असं हॉस्टेलवर कोणीतरी सांगतंच. माझा अनुभव असा की गुण कमी पडतात ते अर्धं मराठी, अर्धं देवनागरीतलं इंग्रजी आणि मध्येच एखादी गुगल भाषांतराची ओळ अशा उत्तरांना.

यावर उपाय म्हणजे परिभाषा. शासनाच्या भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश काढलेत, अर्थशास्त्राचा आहे, इतरही पुष्कळ आहेत, आणि ते इंटरनेटवर फुकट बघता येतात. मार्जिनल युटिलिटीला सीमांत उपयोगिता, इलॅस्टिसिटीला लवचिकता. वहीच्या शेवटच्या चार पानांवर दोन रकाने पाडा: डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे मराठी. प्रत्येक तासाला दोन शब्द वाढवले तर सेमिस्टरअखेर शंभरावर जातात. हे दुहेरी कामाला येतं, कारण पुढे एमएला इंग्रजी पुस्तकं वाचावी लागतात आणि तेव्हा तीच पानं उलट्या दिशेने वापरता येतात. मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे. एखादी संकल्पना पहिल्यांदा समजून घ्यायला मी आजही आधी तोच उघडते.

विज्ञान शाखेला आलेल्या मराठी माध्यमाच्या मुलांचं दुखणं वेगळं. पहिले दोन महिने फक्त शब्दांची मारामारी असते. काही कॉलेजं सुरुवातीला ब्रिज कोर्स घेतात, त्याला लाजेने दांडी मारू नका. भाषा प्रयोगशाळा असेल तर तिथली जागा बहुधा रिकामीच असते.

रेमेडियल, पहिली चाचणी आणि स्वयम

'रेमेडियल' या शब्दानेच घोळ केलाय. मुलांना वाटतं नापासांचा वर्ग. खरं तर सात जणांच्या वर्गात शिक्षक तुमच्या वहीत डोकावून शिकवू शकतात, साठ जणांत ते होत नाही. पुण्यातले क्लासवाले याच गोष्टीचे पैसे घेतात.

कधी जायचं? पहिल्या अंतर्गत चाचणीचे पेपर हातात आले की त्याच दिवशी. कमी पडलेल्या विषयाच्या शिक्षकांकडे जाऊन नाव नोंदवा. तुमच्या कॉलेजात त्या विषयाचं रेमेडियल नसेल तर पाच-सहा जणांनी मिळून विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या. तोंडी विनंती हवेत जाते. अर्जावर त्यांना काहीतरी शेरा मारावा लागतो.

केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर देशातल्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम आहेत. बघायला पैसे नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क आहे. त्यातली क्रेडिट्स पदवीत धरता येतात, पण कुठल्या विषयाच्या बदली कुठला कोर्स चालेल हे कॉलेजने आधी मान्य करावं लागतं. कोर्स पूर्ण करून मग विचारायला गेलेला एक मुलगा मला माहीत आहे. प्रमाणपत्र चांगलं आलं, फ्रेम करून घरी लावलंय. क्रेडिट मिळालं नाही.

प्रोजेक्ट आणि कॉपी-पेस्ट

गूगलवरून उचललेला परिच्छेद आम्हाला कसा कळतो असं मुलं विचारतात. चौथ्या ओळीपर्यंत "शेतकरी लोकांना" म्हणणारा विद्यार्थी पाचव्या ओळीत "कृषी क्षेत्रातील संरचनात्मक परिवर्तने" लिहायला लागला की कळतं. एआयने लिहिलेल्या मजकुराचंही तसंच. तो फार गुळगुळीत असतो आणि त्यात तुमच्या गावाचा वासही नसतो.

पदव्युत्तर पातळीवर हे गंभीर होतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्के सापडलं तर दुरुस्त करून पुन्हा सादर करावं लागतं, आणि त्यापुढे कारवाई कडक होत जाते. सवय एफवायलाच लावा. जिथून घेतलं तिथे लेखक, पुस्तक, वर्ष आणि पान लिहा. कसं लिहायचं ते ग्रंथपाल दाखवतात. हो, ग्रंथपालच. ते त्यांचं शिक्षण आहे, आणि कोणी विचारलं की त्यांना आनंद होतो.

अपंगत्व असेल, किंवा लिहायलाच अडचण असेल

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, आणि त्यात वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमताही आहे. म्हणजे दिसण्यात काही नाही, पण अक्षरं जागा बदलतात, अशा मुलांनाही सवलत लागू होते. लेखनिक मिळतो, आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास.

हे आपोआप होत नाही. प्रमाणपत्र आणि अर्ज परीक्षा फॉर्मबरोबरच परीक्षा विभागात द्या. लेखनिकाचं नाव आणि त्याच्या शिक्षणाचा पुरावा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, परीक्षेच्या सकाळी धावाधाव करून जमत नाही. हात मोडल्यामुळे तात्पुरती अडचण आली तर डॉक्टरांचा दाखला घेऊन त्याच दिवशी परीक्षा अधिकाऱ्यांना भेटा.

पैसे

थोडक्यात. शिष्यवृत्त्यांचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. बँक खातं आधारशी जोडलेलं असलं पाहिजे, नाहीतर मंजूर झालेले पैसेही येत नाहीत. अर्ज भरल्यावर तो कॉलेजच्या लॉगिनवर अडकून राहतो, म्हणून शिष्यवृत्ती विभागातल्या क्लार्कला दर आठवड्याला चेहरा दाखवा. मुलींनो, २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गात, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. साध्या बीएला ही योजना नाही, तिथे इतर योजना बघा.

'कमवा आणि शिका'बद्दल विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना विचारा. ग्रंथालयात, ऑफिसात, बागेत रोज दोन-तीन तास काम आणि तासाप्रमाणे मानधन. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेली ही कल्पना. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये याच तत्त्वावर उभं राहिलं. माझी पसंती ग्रंथालयातल्या कामाला. मी स्वतः दीड वर्ष परत आलेली पुस्तकं कपाटात लावली आणि आकडे पाठ झाले ते तिथेच.

आणि झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, गावी परत जावंसं वाटत असेल तर कॉलेजचे समुपदेशक आहेत. ते रात्री नसतात, तेव्हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

निकाल मनासारखा नाही लागला

आधी रडून घ्या, मग तारीख बघा. निकाल लागल्यापासून अर्जाची मुदत अगदी थोडी असते आणि ती परिपत्रकात छापलेली असते. पहिल्या वर्षाचे पेपर पुष्कळदा कॉलेजच तपासतं, त्यामुळे अर्ज कॉलेजच्या परीक्षा विभागात. वरच्या वर्षांचे विद्यापीठाच्या पोर्टलवर.

तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकमेकींत मिसळू नका. उत्तरपत्रिकेची छायाप्रत म्हणजे तुमच्या पेपरची झेरॉक्स. गुणपडताळणी म्हणजे बेरीज आणि राहून गेलेले प्रश्न तपासणं. पुनर्मूल्यांकन म्हणजे दुसऱ्या परीक्षकाकडून पेपर पुन्हा तपासणं. माझा सल्ला: थेट पुनर्मूल्यांकनाला पैसे भरू नका, आधी छायाप्रत घ्या.

ती हातात आली की काय बघायचं? सुरुवातीला सांगितलेल्या मुलीला ७० पैकी २६ होते, पासाला २८ लागत होते. आम्ही दोघी कँटीनमध्ये तिची झेरॉक्स घेऊन बसलो. मुखपृष्ठावर प्रश्न आणि उपप्रश्नांचा एक तक्ता असतो. आतल्या प्रत्येक पानावरचे गुण आम्ही त्या तक्त्याशी जुळवत गेलो. प्रश्न चारमधला ब तिने शेवटच्या पुरवणीत लिहिला होता. तिथे लाल पेनाने स्वच्छ तीन गुण दिले होते, आणि मुखपृष्ठाच्या तक्त्यात तो चौकोन कोरा. तपासणाऱ्याने गुण दिले, वर उतरवायचे राहिले. गुणपडताळणीत २९ झाले. चहा गार झाला होता, तो तसाच प्यायलो.

दुसऱ्या विषयात मात्र तिला खरोखरच येत नव्हतं. झेरॉक्स बघून तेही तिलाच कळलं. तो तिने रेमेडियलला बसून काढला.

एक बारकावा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात निर्णय दिला की आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा विद्यार्थ्याला माहिती अधिकारातही हक्क आहे. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. पण उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, तोवर पुनर्मूल्यांकनाची तारीख निघून जाते. म्हणून पहिला मार्ग विद्यापीठाचाच धरा.

कोणी दादच देत नसेल

निकाल राखून ठेवला, मूळ कागद परत देत नाहीत, लेखनिक नाकारला, अशा तक्रारींसाठी यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. समितीने साधारण १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं.

भांडायला जाऊ नका, अर्ज घेऊन जा. मी मुलांना सांगते तो मजकूर हा:

"मा. प्राचार्य यांस, विषय: उत्तरपत्रिकेची छायाप्रत न मिळाल्याबाबत. मी, खाली सही करणार, एफवायबीएची विद्यार्थिनी, पीआरएन अमुक. दिनांक अमुक रोजी शुल्क भरून अर्ज केला, पावतीची प्रत जोडली आहे. आजपर्यंत छायाप्रत मिळालेली नाही. पुनर्मूल्यांकनाची मुदत अमुक तारखेला संपत असल्याने त्यापूर्वी प्रत मिळावी, ही विनंती."

यात राग नाही, कोणाचं नाव नाही, तारखा दोन आहेत. दोन प्रती काढा. एक आवक-जावकच्या टेबलावर द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन आपल्या फाईलला लावा. "ठेवून जा, बघतो," असं क्लार्क म्हणाले तर हसून म्हणा, "हो काका, पोच मिळाली की जातेच."